टीईटी आणि पोटात येणारा गोळा : आपल्या भागातले अनुभव लिहा

रोज कुणीतरी विचारतंय, टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) अभ्यास झालाय पण हॉलमध्ये बसलं की काही आठवत नाही, काय करू. म्हणून हा धागा, आपल्या बेळगाव भागातल्यांसाठी. कुठली पुस्तकं घ्यायची ते नको, ते सगळ्यांना पाठ झालंय. भीती कशी वाटली आणि कशी कमी झाली तेवढं लिहा. पास झालेल्यांनीच लिहायला पाहिजे असं काही नाही.

मीच सुरू करते. खानापूर, डीएड मराठी माध्यम. पहिल्या वेळी पेपर एकला (पहिली ते पाचवीच्या शिक्षकांचा) ८३ पडले, पाहिजे होते १५० पैकी ९०. अभ्यास कमी नव्हता, पियाजेच्या, मुलांचा विचार कसा वाढतो त्याच्या, चार अवस्था झोपेत विचारल्या तरी सांगितल्या असत्या. पण तिसऱ्याच प्रश्नाला नैतिक विकासवाला कोहलबर्ग आला आणि डोक्यात दोघं एकमेकात मिसळले, तिथंच वीस मिनिटं गेली, हात घामानं ओला, बॉलपेन धरवेना. मग घाईत ४१ वा प्रश्न सोडला आणि ४२ चं उत्तर ४१ च्या गोलात काळं केलं, पुढचं सगळं एकेक घर वर सरकत गेलं आणि ते कळलं कधी तर ५८ ला आल्यावर. बॉलपेनचा गोल खोडता येत नाही. बाहेर येऊन स्टँडवर बसले आणि तीन बस डोळ्यासमोरून सोडल्या.

दुसऱ्या वेळी नवीन पुस्तक एक पण घेतलं नाही. ओएमआरच्या, म्हणजे गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेच्या, वीस झेरॉक्स काढल्या आणि दर रविवारी साडेनऊ ते बारा, म्हणजे पेपरच्याच वेळेला, खुर्ची-टेबलावर बसायचं, मोबाईल आईकडे. सुरुवात मराठीच्या ३० प्रश्नांनी, कारण तिथं हात थरथरत नाही, बालविकास शेवटी. दर पाच प्रश्नांना थांबून नंबर जुळवायचा. पहिले दोन-तीन रविवार घरात बसूनसुद्धा छाती धडधडली, खरंच. सहाव्या रविवारी धडधड सुरू व्हायच्या आत मराठी संपलेलं होतं. खऱ्या पेपरला १०४ पडले.

——

येळ्ळूर. थोडक्यात सांगतो. निगेटिव्ह मार्किंग नाही हे मला माहीत होतं, तरी चुकेल म्हणून ११ गोल कोरे ठेवून आलो. ८७ पडले. कोरं काही सोडू नका रे.

——

निपाणी. माझं जरा वेगळं आहे, मी नोकरीतच आहे, २२ वर्षं झाली शिकवून. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, रिटायरमेंटला पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायची म्हणून, त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. नापास झाले तर गावात कळणार, पालकांना कळणार, उद्या वर्गात उभी कशी राहू. स्टाफरूममध्ये सगळ्यांना हीच काळजी, पण कुणी तोंड उघडत नव्हतं.

पुस्तक उघडलं की अक्षरं पळायची. मग मुलगा म्हणाला, आई, तू हे रोज करतीसच की, नुसती नावं घाल. तिथनं सुटलं बघा. तिसरीतल्या पोराला हातच्याची बेरीज शिकवताना पहिली दोन गणितं मी बोट धरून करून घेते, तिसऱ्याला बोट सोडते. मदतीनं जमतं पण एकट्यानं अजून जमत नाही, तो टप्पा म्हणजेच मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्कीचं निकट विकास क्षेत्र. आता वहीत डाव्या बाजूला शब्द आणि उजव्या बाजूला माझ्या वर्गातलं एक पोर, असं लिहिते. परीक्षा अजून व्हायचीय. पोटात गोळा येतो, पण पुस्तक मिटून ठेवत नाही आता.

——

अनगोळ. मला धास्ती होती कन्नडची. बाजारात, बसमध्ये फाडफाड बोलतो आपण, पण वाचायला बसलं की एकेक अक्षर लावत बसायचं, आणि परिच्छेदावरचे प्रश्न तर वेळच खातात. शेजारच्या अक्का रोज संध्याकाळी कन्नड पेपर वाचतात, त्यांच्याजवळ जाऊन बसायला लागले. पहिल्या दिवशी एक बातमी वाचायला पंधरा मिनिटं लागली, अक्कांनी मध्ये एकदा पण टोकलं नाही, शेवटी फक्त म्हणाल्या, उद्या परत ये. चार महिन्यांत तीच लांबी तीन मिनिटांवर आली. कन्नड व्याकरणातल्या लोप, आगम, आदेश संधी मागनं पाठ केल्या, आधी वाचायचा वेग. पहिली भाषा मराठी, दुसरी कन्नड घेतली आणि कन्नडमध्ये ३० पैकी २१ आले.

——

चिकोडीकडचा. दोनदा गेलो, दोनदा राहिलो, तिसऱ्यांदा बसणार आहे. एक गोष्ट उपयोगी पडली ती सांगतो. पेपर हातात यायच्या आधीची दहा मिनिटं फार वाईट, तेव्हा श्वास चार मोजून आत घ्यायचा आणि सहा-सात मोजून सावकाश सोडायचा, सोडताना लांब, त्यानं छातीची धडधड खाली येते. पण हे रोज घरी करा, त्याच दिवशी पहिल्यांदा केलं तर मोजण्यातच लक्ष जातं, माझं तसंच झालं होतं. आणि सेंटर आदल्या दिवशी जाऊन बघून या. दुसऱ्या वेळी शाळा शोधतच धावलो, घामाघूम होऊन बाकावर बसलो, त्यातच पहिला अर्धा तास गेला. घरी बाबा काही बोलत नाहीत, ते जास्त लागतं.

——

खानापूरवाल्या ताई, तुमची ती रविवारची पद्धत आम्ही तिघी वडगावात करणार आहोत, एकटीनं बसलं की दीड तासात उठतो आम्ही. चिकोडीवाले दादा, लांब पडत असेल तर घरीच त्याच वेळेला बसा, बाराला फोन करा, उत्तरं एकत्र तपासू. ओएमआरच्या झेरॉक्स जास्तीच्या काढून ठेवते.