टॉवेलवर लेबल एकाचं, विणणारा दुसरा: अ‍ॅनिप्लेक्स म्हणजे नक्की काय?

पूर्वभाग_सोलापूर यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, वय १९. घरी टेरी टॉवेलचे आठ माग आहेत. चित्रं काढायचा नाद शाळेपासून आहे, टॉवेलच्या डिझाईनच्या चौकटीच्या कागदामागेच काढायचो.

सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबादला मावशीकडे गेलो होतो, तेव्हा ‘डेमन स्लेयर’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचा ‘इन्फिनिटी कॅसल’ हा सिनेमा तेलुगूत पाहिला. घरी आम्ही तेलुगूच बोलतो, त्यामुळे आजीलाही नेलं. अडीच तासांच्या वरचा सिनेमा, ती जागची हलली नाही. सुरुवातीला पाटी आली अ‍ॅनिप्लेक्सची. मग कळलं की चित्रं युफोटेबल नावाच्या स्टुडिओची. घरी येऊन शोधलं तर कुणी अ‍ॅनिप्लेक्सला अ‍ॅनिमेशन कंपनी म्हणतंय, कुणी म्युझिक कंपनी.

नुसती उत्सुकता म्हणून विचारत नाही. एका क्लासवाल्याने सांगितलंय की ४०,००० भरा, अ‍ॅनिप्लेक्समध्ये चित्रकार म्हणून लावून देतो. बाबा सुताला ठेवलेले पैसे द्यायला तयार झालेत. ही कंपनी चित्रकार ठेवते का? जाणकारांनी कृपया सांगा.

कॅसेटवाले_काका:

बाळा, पैसे देऊ नकोस. आधी हे वाच, बाबांनाही वाचून दाखव.

माझं नवी पेठेत वीस वर्षं कॅसेटचं आणि नंतर सीडीचं दुकान होतं. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा भरली की होम मैदानावर स्टॉल लावायचो. त्या धंद्यात नजरेला एक सवय लागते. गाणं कुणाचं हे गिऱ्हाईक बघतं, आपण लेबल बघतो. २००४ मध्ये भारतात अ‍ॅनिमॅक्स हे जपानी अ‍ॅनिमेशनचं चॅनल सुरू झालं आणि माझी मुलगी त्यापुढे बसायला लागली, तेव्हा माझंही लक्ष पहिल्यांदा तिथेच गेलं. जपानी मालिकेच्या सुरुवातीच्या गाण्यावर बारीक अक्षरांत नावं येतात. मुलगी पुढे थोडी जपानी शिकली, तिने उलगडून दाखवलं: गाण्याचं नाव, गायक आणि कंसात रेकॉर्ड कंपनी. म्हणजे कॅसेटच्या पाठीवर जे छापलेलं असायचं तेच.

तर अ‍ॅनिप्लेक्स. जन्म सप्टेंबर १९९५. तेव्हा ती सोनीच्या सिनेमावाल्या आणि संगीतवाल्या शाखांनी मिळून काढलेली संगीत प्रकाशनाची कंपनी होती. १९९७ मध्ये नाव बदललं, एसपीई व्हिज्युअल वर्क्स. २००१ मध्ये ती पूर्णपणे सोनी म्युझिक जपानच्या हातात गेली. २००३ मध्ये अ‍ॅनिप्लेक्स हे नाव लागलं. घराणं गाण्याचं, हे ध्यानात ठेव. आपल्याकडे टी-सीरीज आधी कॅसेट विकायची आणि मग सिनेमे काढायला लागली, त्याच वाटेवरची ही.

या घराण्याचा फायदा कसा होतो बघ. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ ही अ‍ॅनिप्लेक्सची मालिका २००३ मध्ये सुरू झाली, ५१ भाग. चित्रं बोन्स नावाच्या स्टुडिओची. या ५१ भागांत सुरुवातीचं गाणं तीन वेळा बदललं. पोर्नो ग्राफिटी, लार्क-आँ-सिएल, एशियन कुंग-फू जनरेशन, हे सगळे सोनीच्याच लेबलांवरचे गायक. दर आठवड्याला घराघरात गाणं वाजणार, लोक उद्या दुकानात येऊन तेच मागणार. दुकानदार म्हणून सांगतो, याहून चांगली जाहिरात नाही. आणि गंमत म्हणजे गाणी खरोखर चांगली होती, मी आजही ऐकतो.

मालिकेचं पार्श्वसंगीत मात्र अ‍ॅनिप्लेक्स स्वतःच्या लेबलवर काढते. जपानात मालिकेची डिस्क निघते तीवर बहुधा दोनच भाग असतात, किंमत हजारो येन, पण खोक्यात पुष्कळदा पार्श्वसंगीताची सीडी आणि चित्रांची वही. सीडीचा धंदा जगभर बसला, माझंही दुकान बसलं, पण तिथे असा खोका घ्यायला माणसं पुढची बरीच वर्षं रांग लावत होती.

आता तुझा खरा प्रश्न. तुमच्याकडे कसं चालतं? व्यापारी सूत देतो, मागवाला मजुरीवर विणतो, आणि टॉवेलच्या किनारीला शिवलेलं ते बोटभर लेबल व्यापाऱ्याचं. जपानात मालिका काढायची तर चार-पाच जण भांडवल घालतात: प्रकाशक, टीव्हीवाले, खेळणीवाले, रेकॉर्ड कंपनी. त्याला निर्मिती समिती म्हणतात. मालकी त्यांची. चित्रं काढणारा स्टुडिओ बहुतेक वेळा मजुरीवर. मालिका कितीही चालली तरी त्याचे ठरलेले पैसे. अ‍ॅनिप्लेक्स ही सूत देणारी. तिच्याकडे निर्माते असतात, हिशेब असतो, गाणी आणि हक्क असतात. चित्राची टेबलं तिथे नाहीत.

‘डेमन स्लेयर’मध्ये मात्र एक फार चांगली गोष्ट झाली. तिच्या मालकीत तीनच नावं: मूळ मांगा, म्हणजे चित्रकथा छापणारी शुएइशा, अ‍ॅनिप्लेक्स आणि युफोटेबल. विणणाऱ्याचंही नाव लेबलवर! २०२० च्या ऑक्टोबरात ‘मुगेन ट्रेन’ लागला, दहा दिवसांत १,००० कोटी येन आणि शेवटी ४,००० कोटींच्या वर, जपानातला तोवरचा सगळ्यात कमाईचा सिनेमा. त्यातलं लिसाने गायलेलं ‘होमुरा’ त्या वर्षीच्या जपान रेकॉर्ड अवॉर्डचं मुख्य पारितोषिक घेऊन गेलं. लिसा सोनी म्युझिकच्या साक्रा म्युझिक लेबलची. सिनेमा आणि गाणं, दोन्हीकडे एकच घर. मला त्या दिवशी दुकान असायला हवं होतं असं फार वाटलं.

निळा_पेन्सिलबॉक्स:

काकांनी छान सांगितलं. मी मूळची सोलापूरची, आता पुण्यात अ‍ॅनिमेशनमध्ये कंपोझिटिंग, म्हणजे वेगवेगळी चित्रं एकत्र जोडून शेवटचं दृश्य तयार करण्याचं काम करते.

भावा, अ‍ॅनिप्लेक्सने २००५ मध्ये स्वतःचा स्टुडिओ काढलाय, ए-१ पिक्चर्स. त्याच्याच एका भागाला २०१८ मध्ये क्लोव्हरवर्क्स नाव देऊन वेगळं केलं. चित्रकार लागतात ते या स्टुडिओंमध्ये. तिथली शिडी अशी: आधी ‘दोगा’, म्हणजे दोन मुख्य चित्रांमधली चित्रं भरणं. एक मान वळायची असेल तर मधली पाच-सहा चित्रं तुझी, आणि रेघ एका केसानेही हलता कामा नये. हात बसला की ‘गेंगा’, म्हणजे मुख्य चित्रं. दोगाला पुष्कळ ठिकाणी नगावर पैसे मिळतात, आणि ते कमी असतात. हे तुला माहीत असायलाच हवं.

तुला ‘लावून देतो’ म्हणणाऱ्याला एकच विचार, दोगा आणि गेंगा यांत फरक काय. ४०,००० तसेच ठेव. त्यातून थोडे जपानी भाषेच्या परीक्षेला लाव, बाकी कागदाला. रोज माणसाच्या हाताची वीस चित्रं काढ, वेगवेगळ्या बाजूंनी. मागावर काम करणाऱ्यांचे हात घरातच आहेत तुझ्या.

रात्रपाळी:

काकांच्या माहितीत थोडी भर. रेकॉर्ड कंपनीने अ‍ॅनिमेशनमध्ये पैसे घालायची रीत अ‍ॅनिप्लेक्सच्या आधीची आहे. किंग रेकॉर्ड्स ही १९३१ ची, कोदान्शा या प्रकाशकाच्या घरातून निघालेली. तिचं स्टारचाइल्ड लेबल १९९५ च्या ‘इव्हँजेलियन’ या मालिकेमागे होतं. तोशिमिची ओत्सुकी हे तिथले निर्माते, आणि योको ताकाहाशींनी गायलेलं त्याचं सुरुवातीचं गाणं तीस वर्षांनीही जपानी कराओकेत गायलं जातं. २०१६ मध्ये स्टारचाइल्डचं नाव गेलं.

पूर्वभाग_सोलापूर:

काका, ताई, मनापासून आभार. क्लासवाल्याला दोगा-गेंगाचं विचारलं. त्याने फोन ठेवला.

रात्री माग बंद झाल्यावर बाबांना सगळं वाचून दाखवलं. सूत आणि मजुरीपाशी आल्यावर त्यांनी थांबवलं, परत वाचायला लावलं. मग विचारलं, तो तिसरा, विणणारा, कुठला? मी सांगितलं, तोक्योचा, पण २००९ पासून त्यांचा एक स्टुडिओ तोकुशिमाला आहे. तोकुशिमा कशासाठी प्रसिद्ध म्हणून पाहिलं तर नीळ. शेकडो वर्षं तिथे निळीची शेती आणि रंगाई चालत आलीय. बाबांची अर्धी हयात रंगखान्यात गेलीय. फोन हातात घेऊन ते निळीच्या पिंपांचे फोटो बराच वेळ बघत बसले, मोठे करून करून. मी तेवढ्यात त्यांच्या हाताची चित्रं काढली. सात झाली, तेरा राहिली.