आईसाठी फोन: आयफोन की अँड्रॉइड? पूर पाहिलेल्यांनी सांगा

खणभागची लेक:
सप्टेंबर जवळ आला की नव्या आयफोनची चर्चा सुरू होते, तशी आमच्या घरातही झाली आहे. भाऊ पुण्यात असतो. तो म्हणतो, नवा येऊ दे, आधीच्या मॉडेलची किंमत उतरेल, तो आईला घेऊ. उतरते हे खरं. २०२५ मध्ये १७ आला आणि ७९,९०० चा १६ लगेच ६९,९०० वर आला. तरी माझं मत अँड्रॉइड. कॅमेरा, मेगापिक्सेल यावरून मी हे म्हणत नाहीये.

२०१९ चा ऑगस्ट आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, कृष्णा गेली ५७ च्या वर. आम्ही माडीवर. जिन्यात आईच्या हातून फोन सुटला, पाण्यात गेला, तो परत चालू झालाच नाही. शेजारच्या काकूंनी त्यांचा जुना फोन दिला. मी कानातल्याच्या काडीने आईच्या फोनचा सिमचा ट्रे बाहेर काढला, सिम ओढणीला पुसलं आणि काकूंच्या फोनात घातलं. पाच मिनिटांत भावाला फोन लागला. दोन दिवस तो वेड्यासारखा टीव्हीसमोर बसून होता.

भारतात मिळणाऱ्या आयफोनला सिम घालायची जागा एकच, दुसरं ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं, काढता न येणारं. आयफोन एअरला तर ट्रेच नाही. आईचे नंबर दोन: एक बँकेचा, एक सगळ्या नातेवाइकांकडे असलेला. त्यातला एक ई-सिमवर गेला आणि फोन बुडाला, तर काडीने काय काढणार?

विश्रामबागकर:
ताई, तुमचा अनुभव मोठा आहे, पण पूर रोज येत नाही. फोन रोज वापरायचा असतो. माझा आयफोन एक्सआर २०१८ चा. आला तेव्हा आयओएस, म्हणजे आयफोनची आतली प्रणाली, १२ होतं, २०२४ मध्ये त्याला १८ मिळालं. सहा वर्षं. त्याच दिवाळीत बायकोला अँड्रॉइड घेतला होता, त्याला दोन अपडेट मिळाले आणि पुढे कुणी विचारलं नाही. आईला एकदाच घ्यायचा आहे ना? मग टिकणारा घ्या.

मिरज दुरुस्तीवाला:
वरच्या दादांचं म्हणणं तीन वर्षांपूर्वी बरोबर होतं. २०२३ च्या ऑक्टोबरात पिक्सेल ८ आला तेव्हा गुगलने सात वर्षं अपडेट द्यायचं आश्वासन दिलं, जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने एस२४ ला तेच दिलं. ते महागडे फोन, मान्य. पण सॅमसंगच्याच ए१६ ला, म्हणजे वीस हजारांच्या आतल्या फोनला, सहा वर्षांचं आश्वासन आहे. सगळ्या कंपन्या देत नाहीत, म्हणून दुकानात आधी हाच प्रश्न विचारायचा.

आता पाण्याचं. टेबलावर रोज भिजलेले फोन येतात म्हणून सांगतो. आयपी६८, म्हणजे धूळ-पाणी आत न जाऊ देण्याचा दर्जा, दोन्हीकडच्या महागड्या फोनांना असतो. ती चाचणी स्वच्छ पाण्यातली. पुराच्या गाळाचा, मैल्याचा तिथे हिशोब नसतो. आणि पाणी गेलेला फोन साध्या वॉरंटीत कुणीच धरत नाही. तांदळाच्या डब्यात तर अजिबात ठेवू नका, बारीक कण चार्जिंगच्या खोबणीत बसतात. अॅपलनेही तेच सांगितलंय.

दुरुस्तीत मात्र फरक आहे. अँड्रॉइडचा डिस्प्ले मी दुपारी घेतला तर संध्याकाळी देतो. आयफोनला बाहेरचा डिस्प्ले लावला की सेटिंगमध्ये अनोळखी भाग असल्याची सूचना येते, गिऱ्हाईक घाबरून परत येतं. आणि अॅपलचं स्वतःचं सगळ्यात जवळचं दालन पुण्यात कोरेगाव पार्कला.

माधवनगरची सून:
मला राहवत नाही म्हणून लिहितेय. ताई, आईला अँड्रॉइड देऊ नका.

गेल्या वर्षी सासऱ्यांना व्हॉट्सअॅपवर एक फाइल आली. नाव होतं आरटीओ चलान. त्यांची जुनी स्कूटर आहे, त्यांना वाटलं खरंच दंड झाला. फाइल दाबली. फोनने विचारलं, हे अॅप टाकू का? हो. मेसेज वाचायची परवानगी देऊ का? हो. त्यांना वाटलं, चलान उघडायलाच हे सगळं लागतंय. रात्री ते झोपले आणि खात्यातून तीन वेळा पैसे गेले. ओटीपी त्यांच्याच फोनवर येत होते आणि ते अॅप पुढे पाठवत होतं. सकाळी उठून पाहतात तर पेन्शनचे एक लाख दहा हजार गेलेले. सायबर फसवणुकीच्या १९३० वर फोन केला, थोडी रक्कम गोठवली, बाकीची गेली ती गेलीच. माणूस महिनाभर नीट जेवला नाही. अजूनही फोन वाजला की आधी माझ्याकडे बघतात.

आयफोनमध्ये ती फाइल दाबली असती तरी अॅप बसलंच नसतं. तुम्ही एका पुराचं सांगताय, हा पूर रोज येतो.

तासगावचा बागायतदार:
वहिनी, वाईट झालं. पण सगळा दोष अँड्रॉइडच्या माथी मारू नका. बाहेरून आलेलं अॅप टाकायची परवानगी सेटिंगमधून बंद ठेवता येते. माझ्या वडिलांच्या फोनात मी ती कधीच बंद करून ठेवलीय. २०२४ पासून गुगलने भारतात असली, मेसेज वाचू पाहणारी बाहेरची अॅप अडवायलाही सुरुवात केलीय.

आणि शेतकऱ्याचं बघा की. औषध मारताना हाताला चिकटा असतो, टाइप कोण करणार? व्यापाऱ्याला मराठीत बोलायचं, फोन लिहून घेतो. गुगलने हे २०१७ ला मराठीत आणलं. वडील सातवी शिकलेले, आज बेदाण्याचा दर स्वतः विचारतात. फोनचा सगळा मेनू मराठीत. आयफोनवर बसले असते इंग्रजी शिकत.

विश्रामबागकर:
दादा, तेवढं सुधारून घ्या. २०२५ मध्ये आयओएस १८.४ आलं, तेव्हापासून आयफोनचा मेनूही मराठीत लावता येतो. उशीर केला हे मान्य.

तासगावचा बागायतदार:
हे माहीत नव्हतं. बरं झालं सांगितलंत. पण सत्तर हजारांत माझ्या बागेचं निम्मं औषध येतं, तो मुद्दा तसाच राहतो.

खणभागची लेक:
वहिनी, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, मला पण आली होती तसली फाइल, लग्नपत्रिका म्हणून. उघडली नाही, कारण चष्मा सापडत नव्हता. माझ्या पोटात गोळा आला.

तुमचं म्हणणं पटलं. फोन बुडण्यापेक्षा हे जास्त वेळा होतं. पण ई-सिमचं उत्तर अजून कुणी दिलं नाही. जुना फोन चालू असला तर ई-सिम आयफोनवरून आयफोनवर नेता येतं. बुडालेल्यावरून कसं नेणार? कंपनीकडून नवं काढायचं. आणि नवं सिम निघालं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत, म्हणजे ओटीपी नाही. हा नियम फसवणूक थांबवायलाच आहे, तक्रार नाही. पण पुरात तो एक दिवस खूप मोठा असतो.

मिरज दुरुस्तीवाला:
ताई, मग आयफोन घेतलात तर बँकेचा नंबर ट्रेमधल्या सिमवर ठेवा, नातेवाइकांचा ई-सिमवर. ट्रेची पिन आईच्या पर्समध्ये. आणि अँड्रॉइड घेतलात तर खोकं फोडल्याबरोबर तासगावकर म्हणतात ती परवानगी आधी बघून घ्या, मग व्हॉट्सअॅप टाका.

माधवनगरची सून:
दुरुस्तीवाल्या दादांचं ठीक आहे, पण ती परवानगी फोन पुन्हा विचारतो आणि म्हातारी माणसं पुन्हा हो म्हणतात. रात्री अकरा वाजता तिथे ना तुम्ही असता ना मी. माझं मत बदललेलं नाही.

खणभागची लेक:
रविवारी गणपती पेठेत आईला घेऊन जातेय. ट्रे असलेला आयफोन आणि सहा वर्षांचं आश्वासन असलेला अँड्रॉइड, दोन्ही तिच्या हातात देते. अँड्रॉइड घेतला तर वहिनी म्हणतात तसली फाइल मी स्वतः दुकानातच तिला पाठवणार, खोटी, आणि ती काय दाबते ते बघणार.