वनड्राइव्ह, गुगल ड्राइव्ह आणि २ टीबीची डिस्क: टॅलीचा डेटा नेमका कुठे ठेवायचा?

सावदा_हिशेब

राम राम मंडळी. सावद्यात केळी व्यापाऱ्यांचे हिशेब लिहायचं ऑफिस आहे. तीन कॉम्प्युटर, तिन्हींवर विंडोज ११. टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा एकाच मशीनवर, साधारण ६ जीबी. वजनकाट्याच्या पावत्या आणि बिलांचे स्कॅन ७० जीबी, ते गुगल ड्राइव्हवर जातात. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हला जोडलेले, भावपट्ट्यांच्या एक्सेलही त्यातच. एक्स्टर्नल डिस्क कायम लावलेली असते, रोज रात्री रोबोकॉपीने (विंडोजची फाइल कॉपी करायची कमांड) एमआयआर स्विच लावून तिच्यावर कॉपी जाते.

अडचण अशी की डिस्कवर जूननंतरची एकही पावती नाही, आणि रोबोकॉपीच्या लॉगमध्ये चूकही दिसत नाही. सी ड्राइव्ह भरत आला म्हणून जूनमध्ये गुगल ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये ‘मिरर’चं ‘स्ट्रीम’ केलं होतं, तेवढाच बदल. दुसरं, टॅलीचा डेटा फोल्डर सरळ वनड्राइव्हमध्ये टाकला तर चालेल का?

धुळे_केबल

जूनच्या बदलातच उत्तर आहे. मिररमध्ये सगळ्या फाइल्स तुमच्या डिस्कवर खरोखर असतात. स्ट्रीम केलं की गुगल ड्राइव्ह वेगळं ड्राइव्ह अक्षर घेतो, बहुतेक वेळा जी, आणि फाइल उघडली तरच खाली उतरवतो. पण मिररचा जुना फोल्डर तो पुसत नाही. तो सी ड्राइव्हवर जागच्या जागी राहतो, फक्त त्यात नवीन काही येत नाही. तुमची रोबोकॉपी रोज रात्री तोच गोठलेला फोल्डर इमानेइतबारे तपासते आणि ‘काही बदललं नाही’ म्हणून बाहेर पडते. लॉगमध्ये चूक दिसणार कशी?

आता रोबोकॉपीला जी ड्राइव्ह दाखवून द्यावा असं वाटेल. ते करू नका. टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणारं विंडोजचं साधन) ‘युजर लॉग-ऑन असो वा नसो’ हा पर्याय निवडलेला असेल, तर त्या सेशनला जी ड्राइव्ह दिसतच नाही. आणि दिसला तरी ७० जीबी इंटरनेटवरून ओढून आणावा लागेल. पुन्हा मिरर करा, पण फोल्डरची जागा सीऐवजी डी ड्राइव्हवर द्या. ती गुगल ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये बदलता येते. सीवरचा जुना फोल्डर मात्र डीवर सगळं उतरून फाइलींची संख्या जुळेपर्यंत पुसायचा नाही.

वनड्राइव्हमध्ये हीच गोष्ट वेगळ्या वेषात असते. फाइलवर निळ्या ढगाचं चिन्ह असेल तर ती फक्त क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत आहे. खात्री करायची असेल तर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि ‘साइज’ व ‘साइज ऑन डिस्क’ या दोन ओळी पाहा. वरच्या ओळीत ३ एमबी आणि खालच्या ओळीत ० बाइट्स असेल, तर तुमच्याकडे फाइल नाही, नुसती तिच्या नावाची पाटी आहे. अशा फाइलींवर काही बॅकअप प्रोग्राम ‘क्लाउड फाइल प्रोव्हायडर चालू नाही’ अशी चूक दाखवून पुढे सरकतात. कामाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा, म्हणजे भरीव हिरवी खूण येते. हे केलं नाही तर विंडोजचं जागा मोकळी करणारं स्टोरेज सेन्स बरेच दिवस न उघडलेल्या फाइल्स परत क्लाउडवर ढकलू शकतं.

आणि तो एमआयआर आजच काढा. एमआयआर म्हणजे मूळ फोल्डरमध्ये जे नाही ते कॉपीतूनही पुसायचं. संध्याकाळी कोणाच्या हातून एका व्यापाऱ्याचा अख्खा फोल्डर डिलीट झाला, तर वनड्राइव्ह तो काही सेकंदांत तिन्ही मशीनवरून काढतो आणि रात्री रोबोकॉपी डिस्कवरूनही काढते. सिंकचं कामच बदल सगळीकडे पोचवायचं; तो बदल चुकीचा होता हे त्याला कळत नाही. वनड्राइव्हच्या पर्सनल खात्यातला रिसायकल बिन आणि गुगल ड्राइव्हचा ट्रॅश, दोन्ही ३० दिवसांत रिकामे होतात. उलट ज्यांची जीएसटी नोंदणी आहे, त्यांना जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने कागदपत्रं जपावी लागतात. ३० दिवस आणि ७२ महिने, हे गणित सिंकवर जमत नाही.

तापीकाठ

टॅलीपुरतं सांगतो. चालू डेटा फोल्डर वनड्राइव्हमध्ये नको, गुगल ड्राइव्हमध्येही नको.

कंपनीचा डेटा एका फाइलमध्ये नसतो. त्या आकडी नावाच्या फोल्डरमध्ये बऱ्याच फाइल्स असतात आणि त्या एकमेकींशी जुळलेल्या असाव्या लागतात. व्हाउचर, म्हणजे एखादी नोंद, सेव्ह होताना त्यातल्या काही बदलतात. सिंक त्या एकेक करून, जसजशा हाती लागतील तशा वर पाठवतो. त्यामुळे क्लाउडवर निम्मा फोल्डर ११ वाजताचा आणि निम्मा ११ वाजून २ मिनिटांचा असं होऊ शकतं. दुसऱ्या मशीनवर तो उतरवून उघडला की डेटा खराब असल्याची तक्रार येते. शिवाय टॅलीने धरून ठेवलेली फाइल सिंकला वाचता येत नाही, तर कधी सिंकने धरलेली फाइल टॅलीला लिहिता येत नाही.

त्याऐवजी दिवसाचं काम संपलं की सगळ्या मशीनवर कंपनी बंद करा, ऑल्ट आणि वाय दाबून डेटाचा मेनू उघडा, बॅकअप घ्या. बॅकअपचा पाथ डी ड्राइव्हवरच्या साध्या फोल्डरचा द्या आणि बॅकअप पूर्ण झाल्यावरच तो वनड्राइव्हमध्ये कॉपी करा. वारांच्या नावाने सहा फोल्डर ठेवा, सोमवार ते शनिवार, म्हणजे कालच्या बॅकअपवर आजचा बसणार नाही. महिनाअखेरचा आणि ३१ मार्चचा वेगळा काढायचा, तो कधी पुसायचा नाही.

भावपट्ट्यांबद्दल एकच: तीच एक्सेल दोन मशीनवर एकाच वेळी बदलली तर वनड्राइव्ह मशीनचं नाव जोडून दुसरी प्रत तयार करू शकतो. तशी प्रत दिसली तर दोन्ही उघडून आकडे ताडून पाहा, मगच एक काढा.

सावदा_हिशेब

एमआयआर काढला. गुगल ड्राइव्ह डीवर मिररला लावला, उतरतंय. मग डिस्कवर कॉपी कशी घ्यायची? आणि एक डिस्क पुरेल का?

शहादा_संगणक

एक पुरणार नाही, दोन घ्या. कायम लावलेली डिस्क रॅन्समवेअरच्या (फाइल्स लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) दृष्टीने आणखी एक ड्राइव्हच असते. सी, डीसोबत तीही लॉक होते.

लावलेल्या डिस्कवर विंडोजची फाइल हिस्ट्री चालू करा, विंडोज ११ मध्ये ती कंट्रोल पॅनलमध्ये सापडते. ती दर तासाला बदललेल्या फाइलची नवी आवृत्ती ठेवते आणि जुन्या राखते. फक्त ती मुख्यतः डेस्कटॉप आणि विंडोजच्या लायब्ररीतले (डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे) फोल्डर घेते, म्हणून डीवरचे स्कॅन आणि टॅलीच्या बॅकअपचे फोल्डर आधी लायब्ररीत जोडा. वनड्राइव्हमधल्या फाइल्सही खाली उतरलेल्या असतील तरच घेते.

दुसरी डिस्क आठवड्यातून एकदा, शनिवारी. रोबोकॉपी ई स्विचने, म्हणजे उपफोल्डरसकट कॉपी होते पण पुसत काही नाही. सोबत आर:२ आणि डब्ल्यू:५ द्या. मुळात रोबोकॉपी अडलेल्या फाइलसाठी १० लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून प्रयत्न करते. एक फाइल लॉक राहिली की रात्रभर तिथेच अडकते. कॉपी झाली की सेफली रिमूव्ह करून डिस्क ऑफिसबाहेर न्या. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) लावलात तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून दुसरीकडे ठेवा. त्याच मशीनवर ठेवलेली रिकव्हरी की काय कामाची?

आपल्याकडचा मे महिना लक्षात घ्या. बऱ्याच एक्स्टर्नल डिस्कच्या माहितीपत्रकात वापराच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश दिलेली असते, आणि बाहेर पारा ४४-४५ ला असतो. शनिवारची मोठी कॉपी पहाटे किंवा रात्री उशिरा लावा, डिस्क गाडीच्या डिकीत ठेवू नका. लाइट जाते तिथे मशीन यूपीएसवर हवं. लिहिताना वीज गेली तर त्या दिवशीची कॉपी पुन्हा घ्या.

महिन्यातून एकदा शनिवारच्या डिस्कवरून टॅलीचा एक बॅकअप रिस्टोर करून पाहा. रिस्टोरचा पाथ मात्र नवीन रिकाम्या फोल्डरचा द्या. चालू डेटाचा पाथ दिला आणि त्याच क्रमांकाची कंपनी तिथे असली, तर टॅली तिच्यावर जुना डेटा लिहायला विचारते, आणि घाईत ‘हो’ दाबलं की आजपर्यंतच्या नोंदी गेल्या. नव्या फोल्डरमध्ये कंपनी उघडून शेवटच्या व्हाउचरची तारीख आणि रोकड शिल्लक चालू कंपनीशी त्या तारखेला ताडून पाहा.