‘चौदा तासांचं जेईई वेळापत्रक’ आणि ‘सीईटी आपोआप होते’ : असहमती नोंदवतो

नौपाडा_गणित
गेले काही दिवस ठाण्यातल्या पालकांच्या ग्रुपांवर एक वेळापत्रक फिरतंय. पहाटे साडेचार ते रात्री साडेदहा, अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने, एकूण अभ्यास चौदा तास. सण बंद, मोबाइल बंद, गावी जाणं बंद, कॉलेज ‘फक्त कागदावर’. आणि तळाशी ठळक अक्षरांत : ‘सीईटीचा वेगळा अभ्यास लागत नाही, जेईई केली की सीईटी आपोआप होते.’ (जेईई म्हणजे आयआयटी-एनआयटीची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, सीईटी म्हणजे राज्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांची.) हे वाचल्यावर गप्प बसवेना. मी नौपाड्यात अकरावी-बारावीला गणित शिकवतो. या ‘आपोआप’पायी चांगल्या पोरांचं काय होतं ते दर जूनमध्ये निकालाच्या दिवशी बघतो.

आधी तारखा बघा. २०२५ मध्ये जेईईच्या पहिल्या टप्प्याचं, म्हणजे मेनचं, पहिलं सत्र २२ जानेवारीला सुरू झालं, बोर्डाची प्रात्यक्षिकं २४ जानेवारीपासून, लेखी ११ फेब्रुवारीपासून. मेनचं दुसरं सत्र २ एप्रिलला, पीसीएमची (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) सीईटी १९ एप्रिलला, आणि मेनमधून पात्र ठरलेल्यांची, आयआयटीसाठीची अ‍ॅडव्हान्स्ड १८ मे रोजी. म्हणजे स्टेट बोर्डाच्या मुलाला ‘एक वर्ष’ मिळतच नाही. जून ते डिसेंबर एवढेच महिने त्याचे स्वतःचे. जानेवारीपासून परीक्षाच त्याला ओढत नेतात. त्या वेळापत्रकात मार्चपर्यंत ‘नवीन धडे’ असा रकाना आहे. नवीन धडा डिसेंबरनंतर उघडायची वेळ आली तर गणित आधीच चुकलेलं असतं.

दुसरं, या दोन परीक्षांचा स्वभावच वेगळा आहे. मेनला ७५ प्रश्न, १८० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला जवळपास अडीच मिनिटं, आणि चुकलं की एक गुण वजा. सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला मिनिटही नाही. गणिताचे ५० प्रश्न पुढच्या ९० मिनिटांत, प्रत्येकी दोन गुण. निगेटिव्ह मार्किंग नाहीच. वर्षभर ‘खात्री नसेल तर सोड’ हे अंगात भिनवलेला मुलगा सीईटीलाही प्रश्न सोडतो. माझी एक विद्यार्थिनी, मेनला उत्तम पर्सेंटाइल, सीईटीच्या केमिस्ट्रीत पंधरा-वीस प्रश्न कोरे ठेवून आली. कारण विचारलं तर म्हणाली, ‘सर, शुअर नव्हतं.’ मुंबईचं व्हीजेटीआय इंजिनिअरिंग कॉलेज हवं होतं तिला. नाही मिळालं.

माझं म्हणणं एवढंच : वर्षाची आखणी तासांवर करू नका, मुलाच्या चुकांवर करा. दर रविवारी एक पेपर, आणि सोमवारचा अख्खा दिवस तो पेपर उलगडायला. सूत्र विसरला, वाचताना घाई केली, की धडाच कळलेला नाही, हे वहीत लिहायचं. पुढच्या आठवड्याचा अभ्यास त्या वहीतून ठरतो. जूनमध्ये छापलेल्या रकान्यातून नाही.

घोडबंदरचा_बाप
सर, आदर ठेवून सांगतो, हे असं मवाळ बोलणं पालकांना गोड लागतं आणि मुलांचं नुकसान करतं. ते वेळापत्रक माझं नाही, पण आमच्या घरी जवळपास तसंच चाललं. मुलगा आज आयआयटीत आहे. मेनला बारा-चौदा लाख पोरं बसतात, अ‍ॅडव्हान्स्डला अडीच लाख पात्र होतात, आणि सगळ्या आयआयटी मिळून जागा जवळपास १८ हजार. हा आकडा डोळ्यांसमोर असेल तर ‘तास मोजू नका’ अशा गप्पा कुणी मारणार नाही. आणि सीईटीची गादी खाली अंथरून ठेवली की पोरगं वर चढताना पडायचाच विचार करतं. आम्ही सीईटीचा फॉर्म भरला, पेपर दिला, ९९ पर्सेंटाइलच्या वर आले. वेगळा अभ्यास शून्य. आपोआप म्हणजे हेच.

कोकणातली_ठाणेकर
काका, तुमच्या मुलाचं अभिनंदन. पण ‘गावी जाणं बंद’ म्हणजे गणपती बंद. माझ्या भावाला बारावीच्या वर्षी आईने गणपतीला नेलं नाही. तो घरी एकटा बसला, आम्ही चिपळूणला. त्या पाच दिवसांत त्याने किती अभ्यास केला ते विचारू नका, पण आजही तो विषय निघाला की घरात शांतता पसरते. पाच दिवसांत कुणाची आयआयटी जात नाही.

नौपाडा_गणित
@घोडबंदरचा_बाप, आयआयटीच्या तयारीतला मुलगा सीईटीला ९९ आणतो यात नवल नाही. मी बोलतोय ते त्याच्या मागच्या शंभर मुलांबद्दल, ज्यांना शेवटी प्रवेश सीईटीवरच घ्यायचा आहे.

आणि अभ्यासक्रम तरी एक आहे का? मेनमधून २०२४ पासून सॉलिड स्टेट, पॉलिमर आणि गणितातलं मॅथेमॅटिकल रीझनिंग गेलं. स्टेट बोर्डाच्या बारावीच्या केमिस्ट्रीत पहिलाच धडा सॉलिड स्टेट, शेवटाकडे पॉलिमर. गणितात पहिलाच धडा मॅथेमॅटिकल लॉजिक, पहिल्या भागाच्या शेवटी एलपीपी (लिनिअर प्रोग्रामिंग). सीईटी बोर्डाच्या अभ्यासक्रमावर होते, त्यामुळे यातलं सगळं येतं. उलट बाजूही बघा. सीईटीत अकरावीचा भार साधारण २० टक्के, जेईईत अकरावी-बारावी असा भेद नाही. ज्याची अकरावी कच्ची आहे त्याने सप्टेंबरमध्ये कशाला हात घालायचा, हे त्याचं लक्ष्य कोणतं यावर ठरतं. छापील वेळापत्रकाला ते कसं कळणार?

घोडबंदरचा_बाप
चार धडे आहेत, सर. आठ दिवसांत होतात. त्यासाठी एवढा मोठा लेख?

खारघर_आई
मला ‘कॉलेज फक्त कागदावर’ यावर बोलायचंय, कारण आमचं वर्ष त्यातच जातंय. मुलीला इंटिग्रेटेडला, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र अशा कोर्सला घातलं. कॉलेज एका गावात, क्लास दुसऱ्याच उपनगरात. कॉलेजात ती प्रवेशाच्या दिवशी आणि ओळखपत्र घ्यायला, एवढीच गेली. फी दोन वर्षांची एकदम घेतली. अकरावीनंतर तिला तिथलं शिकवणं झेपेना, बॅच बदलली, जे सर आवडत होते तेच सोडून गेले. म्हटलं बाहेर पडू, उरलेल्या वर्षाचे पैसे परत द्या. केंद्राच्या कोचिंग क्लाससाठीच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलंय, मधेच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत. मी प्रिंट काढून घेऊन गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘मॅडम, ती तत्त्वं आहेत, कायदा नाही.’ एका पगारात घर चालवणाऱ्यांनी काय करायचं? म्हणून मुलगी आज तिथेच बसते, आणि घरी येऊन यूट्यूबवर शिकते.

रसायन_वाशी
मी नवी मुंबईत ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. बरं झालं हा विषय निघाला, कारण सगळे जेईईबद्दल बोलतात आणि रिकामे बाक कुणालाच दिसत नाहीत. पटावर वर्ग भरलेला, समोर बोटांवर मोजण्याइतकी मुलं. २०१८ मध्ये शासनाने विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली, तेव्हा वाटलं आता फरक पडेल. तुमच्या मुलांच्या वर्गात ते यंत्र चालू आहे का, एकदा जाऊन बघा.

प्रात्यक्षिकाला केमिस्ट्रीत ३० गुण आहेत. मुलं थेट परीक्षेला येतात आणि विचारतात, ‘मॅम, ब्युरेटची तोटी कुठल्या बाजूला फिरवायची?’ ही मुलं उद्या इंजिनिअर होणार. आणि जे पालक ‘बोर्ड कशाला’ म्हणतात, त्यांना एवढंच विचारते : एनआयटी, आयआयटीला बारावीत ७५ टक्के किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असण्याची अट आहे, हे ठाऊक आहे ना?

घोडबंदरचा_बाप
मॅडम, बाक रिकामे का आहेत याचं उत्तरही द्या की. आम्ही मुलाला पहिले दोन महिने कॉलेजला पाठवलं होतं. घोडबंदरवरून मेट्रोच्या खोदकामातून जाऊन-येऊन रोज अडीच तास. तिथे काय, तर गाइड उघडून उतरवून घ्या. एक डाउट विचारला तर ‘क्लासला विचार’. मग क्लासलाच विचारलं! तुम्हाला पगार मिळतो शिकवण्याचा, हजेरी मोजण्याचा नाही.

रसायन_वाशी
पगार? मी घड्याळी तासिका तत्त्वावर आहे. तास झाला तर पैसे, नाही झाला तर नाहीत. उन्हाळ्यात काहीच नाही. मुलं आली नाहीत तर नुकसान माझं होतं, तुमचं नाही. डिसेंबरात पोर्शन संपवूनही मी प्रयोगशाळा उघडी ठेवते, ज्यांना यायचंय त्यांनी या, म्हणून. येतात ती ऐरोली, दिघा, घणसोलीतली, ज्यांना क्लास परवडत नाही ती मुलं. तुम्ही एका कॉलेजातल्या एका शिक्षकावरून आम्हा सगळ्यांना धुऊन काढलंत. हे मी ऐकून घेणार नाही.

घोडबंदरचा_बाप
तुमच्याबद्दल व्यक्तिशः बोललो नव्हतो. तासिकेचं माहीत नव्हतं. पण मुद्दा सोडत नाही : कॉलेजात शिकवणं होत असतं तर इंटिग्रेटेडचं दुकान चाललंच नसतं.

खारघर_आई
आणि दुकान चालतं म्हणून कॉलेजात शिकवणं होत नाही. सुरुवात कुठून झाली ते सांगा कुणीतरी.

ऐरोली_रिपीटर
तुम्ही सगळे पालक आणि शिक्षक बोलताय, परीक्षा देणाऱ्याचंही ऐका. माझं ड्रॉपचं, म्हणजे बारावीनंतर पुन्हा परीक्षा देण्यासाठी थांबलेलं वर्ष चालू आहे. गेल्या वर्षी मी असंच चौदा तासांचं वेळापत्रक भिंतीवर लावलं होतं, क्लासनेच छापून दिलेलं. फिजिक्समधला रोटेशनलचा धडा अर्ध्या तासाच्या रकान्यात बसत नाही. एका गणितावर दीड तास जातो, पुढचे तीन रकाने कोसळतात, आणि संध्याकाळपर्यंत डोक्यात फक्त ‘आपण मागे पडलो’ एवढंच उरतं. बॅकलॉग अभ्यासाचा कमी आणि वेळापत्रकाचा जास्त साठतो.

शिवाय प्रवास कुणी धरतच नाही. ऐरोलीहून ठाणे, नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून बाहेर पडून क्लासपर्यंत, परत तसंच. उभ्याने. वेळापत्रकात त्याला ‘रिव्हिजन’ म्हटलेलं असतं. ट्रान्स-हार्बरला सकाळी उभं राहून ऑरगॅनिकची रिव्हिजन करून दाखवा.

घोडबंदरवाल्या काकांना एक सांगायचंय. अ‍ॅडव्हान्स्डला सलग दोनच वर्षं मिळतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन संधी जाहीर झाल्या आणि दोन आठवड्यांच्या आत परत दोन केल्या. माझ्या ओळखीचे काही जण त्या दिवसांत आनंदाने नाचले होते. माझ्यासाठी यंदाचा मे शेवटचा. म्हणून सीईटी ही माझ्यासाठी पडायची तयारी नाही, अर्धं भविष्य तिथे आहे. गेल्या वर्षी ‘आपोआप’वर सोडली आणि मॅथेमॅटिकल लॉजिकचे सोपे प्रश्न बघत बसलो होतो. दोन-दोन गुणांचे.

घोडबंदरचा_बाप
बाळा, तू मनाला लावून घेऊ नकोस. माझा मुलगा पहिल्याच प्रयत्नात गेला, ड्रॉपचं दडपण आमच्या घरात आलं नाही, हे खरं. तुझ्या जागी असतो तर मीही सीईटी वेगळी धरली असती. पण हे ड्रॉपरसाठी. पहिल्यांदा देणाऱ्याचं लक्ष फाटता कामा नये, यावर मी ठाम आहे. आणि चौदा तास नाही, बारा म्हणतो. बाराच्या खाली येणार नाही.

नौपाडा_गणित
बारा तासांवर वाद घालत नाही. ज्याला बसवतं त्याने बसावं. मला दाखवा की त्या बारा तासांत पेपर उलगडायला जागा कुठे आहे.

आणि तुम्ही म्हणालात ना, चार धडे, आठ दिवस? मान्य. पण कोणते आठ दिवस? मेनचं दुसरं सत्र ८ एप्रिलच्या सुमारास संपलं आणि सीईटी १९ ला सुरू झाली. मधे दहा दिवस. ते दहा दिवस त्या वेळापत्रकात ‘अ‍ॅडव्हान्स्ड पूर्ण ताकदीने’ असे भरलेत. सॉलिड स्टेट, पॉलिमर, लॉजिक, एलपीपी बोर्डाच्या लेखीच्या वेळीच सीईटीच्या पद्धतीने, घड्याळ लावून केले, तर एप्रिलमध्ये फक्त वेगाचा सराव उरतो. बोर्डाला ते धडे वाचायचेच आहेत. वेगळा वेळ लागत नाही, वेगळी पद्धत लागते.

@ऐरोली_रिपीटर, तुला बोर्ड नाही, म्हणून तुझं फेब्रुवारी मोकळं. आठवड्यातून दोन सकाळी फक्त सीईटीचा पेपर, दोन्ही ९०-९० मिनिटं सलग, एकही प्रश्न कोरा न ठेवता. बाकी सगळं अ‍ॅडव्हान्स्ड.

घोडबंदरचा_बाप
बोर्डाच्या वेळीच करा म्हणताय, ते पटतं. हे आधी लिहिलं असतंत तर एवढं वाढलं नसतं. मार्चच्या आधी सीईटीचं नाव काढू नये, एवढं मात्र माझं राहू द्या.

रसायन_वाशी
सॉलिड स्टेट हा बोर्डाचा पहिला धडा. आम्ही तो जूनमध्ये शिकवतो. वर्गात आलात तर मार्चपर्यंत थांबावं लागत नाही.

खारघर_आई
मॅडम, एक विचारू? मुलीचं मेनचं पहिलं सत्र आणि प्रात्यक्षिक एकाच आठवड्यात येतील अशी भीती आहे. क्लास म्हणतो कॉलेज बघेल, कॉलेज फोन उचलत नाही.

रसायन_वाशी
ताई, फोनवर काही होणार नाही. मेनची तारीख हातात आली की त्याच दिवशी प्रवेशपत्राची प्रत आणि मुलीच्या सहीचा अर्ज घेऊन स्वतः जा, विषय शिक्षकांना भेटा, पोच घ्या. आमच्याकडे तरी आम्ही बॅच बदलून देतो, फक्त आधी सांगावं लागतं, त्या दिवशी सकाळी नाही. जर्नल पूर्ण आहे का तेही आत्ताच बघा, सही नसेल तर बसू देत नाहीत. आणि प्रयोग एकदाही केले नसतील तर तिला डिसेंबरात माझ्याकडे घेऊन या. प्रयोगशाळा उघडी असते. कॉलेज कुठलं ते मी विचारणार नाही.