एपीआयमधून क्रॉन जॉबची यादी

प्रश्न, म्हापसा:
शुक्रवारच्या बाजाराच्या संकेतस्थळावर दर शुक्रवारी पहाटे ४ वाजता आपोआप चालणारे काम (क्रॉन जॉब) आहे. सीपॅनेलचे (संकेतस्थळाचे होस्टिंग सांभाळण्याच्या प्रणालीचे) पान न उघडता अशा कामांची यादी एपीआयद्वारे (प्रोग्रॅममधून थेट माहिती मागवण्याच्या सोयीने) कशी मिळवावी?

उत्तर, फोंडा:
सीपॅनेल एपीआय २ मधील ‘क्रॉन’ मॉड्यूलचे ‘लिस्टक्रॉन’ फंक्शन वापरावे. त्यात प्रत्येक कामाची आज्ञा, मिनिट, तास, दिवस, महिना आणि वार मिळतात.

उत्तर, मडगाव:
वेळेबाबत मी आग्रहाने सांगेन. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असल्यास भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असते, त्यामुळे आपले शुक्रवारी पहाटेचे काम यादीत आदल्या रात्री २२:३० वाजता, म्हणजे वाराच्या रकान्यात ५ (शुक्रवार) ऐवजी ४ (गुरुवार) असे दिसेल. ती नोंद चुकीची समजून कृपया बदलू नये.

म्हापसा:
वार ४ असाच आहे, त्यामुळे नोंद तशीच ठेवतो. देव बरें करूं.