तुमच्या पिशवीत काय काय असतं?

चाफेकळी
काल माळा आवरताना आईची वायरची पिशवी सापडली, हिरवी-पिवळी. एक बंद तुटलाय, बाकी ठणठणीत. हिच्यातूनच आरेच्या दुधाच्या काचेच्या बाटल्या केंद्रावर जायच्या. रिकामी दिल्याशिवाय भरलेली मिळायची नाही, त्यामुळे बाटली फुटली की घरात सुतक! आता माझ्या पर्समध्ये दोन घडीच्या पिशव्या, स्टीलची बाटली, चमचा. ऑफिसातल्या मुली म्हणतात, 'काकू, पर्स आहे की मांडणी?' तुम्ही काय बाळगता? लिहा.

विरारफास्ट
बाटली मीही नेते. गर्दीत ती शेजारणीच्या बरगडीत रुतते, मग पुढचं बोरिवलीपर्यंत ऐकून घ्यायचं 😀

खादाडभाऊ
झाकणाचा डबा. मासे त्यातच. पिशवीतलं पाणी कोणाच्या पायावर गळत नाही. मावशी आधी हसायच्या, आता लांबूनच 'डबा आण' म्हणून हाक मारतात आणि एखादी कोलंबी जास्त टाकतात.

नीलाक्का
भाऊ, बोंबील आलेत का?

खादाडभाऊ
अक्का, मासेमारीची बंदी चालू आहे, ३१ जुलैपर्यंत सुक्यावर भागवा.

जुना_कुर्लेकर
२००५चा २६ जुलै. सांताक्रूझला ९४४ मिमी पडला, आमच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी. ओसरल्यावर गटाराच्या जाळ्या उपसायला आम्ही पोरंच उतरलो होतो. हाताला गाळ कमी, प्लास्टिकच्या पिशव्याच जास्त. त्यानंतर पिशवी घ्यायला हात धजत नाही. बाकी पुण्यकर्म वगैरे काही नाही.

मीनू
बाप रे दादा 🙏

टपालपेटी
२०१८ची प्लास्टिकबंदी आठवते? २३ जूनपासून, पहिल्यांदा सापडलं तर ५००० दंड. आमच्या भाजीवाल्याने 'पिशवी आणा' अशी पाटी लावली. गणपतीपर्यंत टिकली. आता न मागताच गाड्याखालून पिशवी काढतो, नको म्हटलं तर त्यालाच वाईट वाटतं.

शिंपीणबाई
एक सांगू का, राग नको. साडीच्या दुकानात, सत्कारात मिळतात त्या रंगीत पिशव्या कापडी नव्हेतच! नॉन-वुव्हन म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, प्लास्टिकच. उजेडात धरून बघा, उभा-आडवा धागा दिसणार नाही. माझ्याकडे त्यांचा गठ्ठा साचलाय. त्यापेक्षा नवऱ्याच्या जुन्या पँटचा पाय कापा, तळाला दुहेरी शिवण मारा, पाच किलो कांदे बिनधास्त.

चाफेकळी
अगं बाई, माझ्या दोन्ही घडीच्या पिशव्या तसल्याच निघाल्या!

शिंपीणबाई
मग फाटेपर्यंत वापर, टाकू नकोस. नवीन घेऊ नको म्हणजे झालं.

विरारफास्ट
नवरा चालू पँट देतो का कापायला, विचारून सांगते.

मीनू
वायरचं बंडल कुठे मिळतं हल्ली? सासूबाईंना विणता येतं. दादरला दोन दुकानं पालथी घातली.

नीलाक्का
भाऊ, सुके बोंबील कशात नेता? डब्याचा वास जात नाही.

खादाडभाऊ
काचेची बरणी, झाकण घट्ट. आणि लोकलने नको अक्का, बसने जा.