अनुभव धागा : ‘बारा बादा बास्तू’ तुमच्यापर्यंत कसं पोचलं?

मंडळी, २०२५ च्या युरोव्हिजनला (युरोपातल्या देशांची गाण्यांची वार्षिक स्पर्धा) स्वीडननं ‘बारा बादा बास्तू’ हे चक्क सौनाचं, म्हणजे गरम वाफेच्या स्नानघराचं, गाणं पाठवलं. गाणारे तिघे (त्यांचा ग्रुप KAJ, उच्चार ‘काय’) फिनलंडमधल्या वोरो गावचे, आणि भाषा तिथली गावरान स्वीडिश. स्वीडननं युरोव्हिजनला स्वीडिश गाणं पाठवलं ते १९९८ नंतर थेट २०२५ मध्ये! युरोपातल्या मराठी लोकांनी आपापले अनुभव जरूर लिहा.

स्टॉकहोमहून सुरुवात माझी. स्वीडनचं गाणं निवडणाऱ्या मार्चमधल्या राष्ट्रीय फेरीत गायक मोन्स सेल्मरलोव्हही होता, २०१५ चा युरोव्हिजन विजेता. ऑफिसात सगळे त्यालाच धरून चालले होते. निकाल लागला आणि आमच्या बिल्डिंगमध्ये एकच गलका. पुढचे दोन महिने लेक गाण्यातल्या नाचणाऱ्यांसारखा अंगाला टॉवेल गुंडाळून घरभर नाचत होती.

*

वासा, फिनलंड. वोरो इथून जवळच. माझी एक सहकारी त्याच भागातली. स्टॉकहोमच्या लोकांशी मीटिंग असली की ती जपून प्रमाण स्वीडिश बोलायची आणि कॅन्टीनमध्ये आईचा फोन आला की उठून बाहेर जायची. त्या वसंतात ती टेबलावर बसूनच आईशी मोठ्यानं आपल्या बोलीत बोलायला लागली. मला या गाण्याचं सगळ्यात मोठं यश हेच वाटतं. फिनलंडमध्ये स्वीडिश मातृभाषा असणारे जेमतेम पाच टक्के, त्यात ही एका कोपऱ्यातली बोली. पुढे तिनं आम्हाला तळ्याकाठच्या त्यांच्या सौनात नेलं. तापलेल्या दगडांवर तिच्या वडिलांनी लाकडी पळीनं पाणी ओतलं, चर्र झालं आणि वाफेनं कान भाजले. आजोबांनी बांधलेली ती खोली सगळ्यांनी मिळून कशी राखलीय, हे ते तासभर सांगत होते.

*

माल्मो, स्वीडन. मला नाही आवडलं. चाल चटकन तोंडात बसते, मान्य. पण ‘अब्बा’सारख्या जगप्रसिद्ध पॉप ग्रुपच्या देशानं टॉवेलातली गंमत पाठवावी? आमच्या घरी यावरून खरंच भांडण झालं.

*

स्पर्धा झाली त्या स्वित्झर्लंडच्या बाझेलमध्येच राहतो, पण हॉलचं तिकीट काही मिळालं नाही. शेजारच्या सेंट याकोब-पार्क स्टेडियममध्ये मोठ्या पडद्यावर पाहिलं. स्टेजवर लाकडी सौना उभा राहिला आणि अख्खं स्टेडियम उठलं. जिंकणार अशी हवा होती; ३२१ गुण मिळून चौथा नंबर आला, ऑस्ट्रियाचा जेजे जिंकला. माझ्या पुढच्या रांगेतला एक स्वीडिश आजोबा मात्र निकालानंतरही गातच होता. शब्द सगळे पाठ होते त्याला, तेही वोरोच्या उच्चारात.